स्विफ्टला १५ इंची मॅग व्हील आणि रुंद टायर: आठ महिने व ९,४०० किलोमीटरनंतर

माझ्या स्विफ्टला कंपनीकडून १४ इंची लोखंडी डिस्क आणि १६५/८० आर १४ मापाचे टायर आले होते. आठवड्यातून दोनदा साताऱ्याहून कराडला महामार्गाने जाणे-येणे आणि महिन्यातून एकदा तरी मेढा-केळघर मार्गे महाबळेश्वर, असा गाडीचा राबता आहे. पहिले टायर गोटा होत आले तेव्हा, गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर, बाजारातील १५ इंची मॅग व्हील (मिश्रधातूची चाके) आणि १८५/६५ आर १५ मापाचे टायर बसवून घेतले. आठ महिने वापरल्यावर जे समजले, ते खरेदीपूर्वी समजायला हवे होते, म्हणून सविस्तर लिहीत आहे.

टायरच्या मापाचा हिशेब मी आधीच केला होता आणि तो बरोबर निघाला. १६५ मिलिमीटर रुंदीच्या ८० टक्के, म्हणजे १३२ मिलिमीटर, ही जुन्या टायरच्या भिंतीची उंची. ती दोन्ही बाजूंची धरून त्यात १४ इंचांचे ३५५.६ मिलिमीटर मिळवले की पूर्ण व्यास ६१९.६ येतो. नव्या मापाचा व्यास ६२१.५ आहे, म्हणजे फरक दोन मिलिमीटरांच्या आतच. दुकानदार त्याच किमतीत १९५/६५ आर १५ देत होता, पण त्याचा व्यास ६३४.५ भरतो, आणि काट्यावर ८० दिसत असताना गाडी प्रत्यक्षात ८२ ने धावली असती. शिवाय मडगार्डमधली मोकळी जागा कमी झाली असती ती वेगळीच. भारांकही, म्हणजे टायर किती वजन पेलू शकतो हे सांगणारा आकडा, पाहून घेतला होता. जुन्या टायरवर ८५ होता, म्हणजे एका टायरला ५१५ किलो. नव्यावर ८८ आहे, म्हणजे ५६० किलो.

चूक झाली ती चाकाच्या बाबतीत. चार नट आणि १०० मिलिमीटरचा पीसीडी, म्हणजे नटांची भोके ज्या वर्तुळावर असतात त्याचा व्यास, जुळला, चाक हबवर (गाडीच्या ज्या भागावर चाक बसते त्यावर) चढले, नट आवळले गेले, एवढ्यावर मी समाधान मानले. पहिल्याच आठवड्यात उंब्रजच्या पुढे वेग ८५ वर गेला की स्टिअरिंग थरथरू लागले आणि शंभराच्या जवळ गेल्यावर ती थरथर सीटपर्यंत जाणवू लागली. दोन ठिकाणी मिळून तीन वेळा बॅलन्सिंग, म्हणजे चाकाचे वजन सगळीकडे समतोल करणे, केले. प्रत्येक वेळी यंत्रावर शून्य आले आणि प्रत्येक वेळी थरथर तशीच राहिली. अखेर ओळखीच्या एका जुन्या मिस्त्रींनी पुढचे चाक उतरवले, मॅग व्हीलच्या मधल्या भोकातून हबचा गोल उंचवटा दाखवला आणि त्या दोहोंमधल्या फटीत करंगळीचे टोक घालून म्हणाले, "आवं साहेब, बॅलन्सिंग कितीबी करा, चाक मधोमध बसलंच नाही तर काय उपयोग?"

कंपनीच्या डिस्कचे मधले भोक ५४.१ मिलिमीटर असते आणि ते हबवर नेमके बसते. बाजारातील चाके अनेक गाड्यांना चालावीत म्हणून त्यांचे भोक मोठे ठेवतात, माझ्या चाकांचे ७३.१ होते. अशा चाकाला मध्यावर धरून ठेवण्याचे सारे काम केवळ नटांवर येते आणि नट आवळताना चाक केसभर जरी एका अंगाला सरकले तरी वेगात ते जाणवते. यावर उपाय म्हणजे हबची रिंग, बाहेरून ७३.१ आणि आतून ५४.१. प्लॅस्टिकच्या रिंगा स्वस्त मिळतात, पण केळघरचा घाट उतरताना ब्रेकची उष्णता हबपर्यंत पोहोचते, म्हणून मी अॅल्युमिनियमच्या घेतल्या. चार रिंगा बसवल्या, नट टॉर्क पान्ह्याने (ठरावीक जोरानेच आवळणाऱ्या पान्ह्याने) समोरासमोरच्या क्रमाने आवळून घेतले आणि त्या दिवसापासून थरथर पूर्ण थांबली.

दुसरी अडचण ऑफसेटची, म्हणजे चाक हबला टेकते ती बाजू चाकाच्या रुंदीच्या मध्यापासून किती अंतरावर आहे त्याची. हा आकडा कमी असला की चाक बाहेर येते. जुनी डिस्क ५ इंच रुंद होती, नवे चाक ६ इंच. एवढ्यानेच प्रत्येक बाजूला १२.७ मिलिमीटर रुंदी वाढते. त्यातच नव्या चाकाचा ऑफसेट कंपनीच्या चाकापेक्षा १० ने कमी असल्याने आणखी १० मिलिमीटर बाहेर, म्हणजे चाकाची बाहेरची कड जवळजवळ २३ मिलिमीटर पुढे आली. दिसायला गाडी भारदस्त झाली हे खरे. परंतु गल्लीतून पूर्ण वळणावर गाडी मागे घेताना खर्र असा आवाज येई, आणि वाकून पाहिले तर मडगार्डच्या आतील अस्तरावर बोटभर रुंद चकचकीत पट्टा उमटलेला आणि त्याखाली रबराची काळी भुकटी साचलेली. अस्तराची क्लिप सरकवून घासणे थांबले आहे, तरीही मागे तीन माणसे आणि डिकीत सामान असले की गतिरोधक मी अगदी सावकाश ओलांडतो. चाक निवडताना डिझाइन पाहण्याआधी त्याच्या आतील बाजूस कोरलेला ऑफसेटचा आकडा पाहायला हवा होता.

टायरच्या नक्षीबद्दल मात्र मनापासून समाधान आहे. ही नक्षी असममित आहे, बाहेरच्या अर्ध्या भागात मोठे, टणक ठोकळे आणि आतल्या अर्ध्या भागात पाणी बाहेर काढणाऱ्या खाचा. श्रावणात मेढ्याच्या पुढे रस्त्यावरून पाणी वाहत असताना जुना टायर ज्या वळणांवर तरंगल्यासारखा वाटे, तिथे हा रस्ता धरून राहतो. पण एके रविवारी गाडी धुताना लक्षात आले की तीन टायरांवर दर्शनी बाजूला 'आउटसाइड' लिहिलेले आहे आणि मागच्या डाव्या टायरवर 'इनसाइड'. दुकानात तो उलटा चढवला गेला होता आणि जवळजवळ महिनाभर मी तसाच पावसात फिरलो. त्यांनी तो विनातक्रार बदलून दिला, तरी टायर बसवताना स्वतः उभे राहून हे शब्द आणि टायरच्या भिंतीवरचे निर्मितीचा आठवडा व वर्ष दाखवणारे चार आकडे वाचून घ्यावेत, असे मी आग्रहाने सांगेन.

झीज मी दर दोन महिन्यांनी मोजतो. नव्या टायरची खाच ७.९ मिलिमीटर खोल होती. आज पुढच्या टायरांची बाहेरची खाच ६.६, पण आतली ५.९ भरते. मध्यंतरी एका खड्ड्यानंतर अलाइनमेंट (चाकांची सरळ रेष) बिघडले होते, त्याची ही खूण. डोळ्यांना ते दिसत नव्हते, तळहात आडवा फिरवल्यावर एका दिशेने करवतीसारखे लागले तेव्हा कळले. खाचांमधल्या १.६ मिलिमीटर उंचीच्या पट्ट्या ही कायद्याची शेवटची मर्यादा आहे, मात्र आपल्या घाटांतल्या पावसात तिथवर थांबणे मला धोक्याचे वाटते. ३ मिलिमीटर उरले की मी टायर बदलणार आहे.

मायलेज लिटरला सुमारे एक किलोमीटरने घटले. आवाज थोडा वाढला. स्टेपनी जुनीच १४ इंची ठेवली आहे. व्यास जुळत असल्याने ती चालते, पण मॅग व्हीलच्या नटांची बैठक वेगळी असल्यामुळे लोखंडी डिस्कचे मूळ चार नट आणि त्यांचा पान्हा डिकीत कापडात बांधून ठेवले आहेत. केळघर घाटात पंक्चर झाले तेव्हा त्यांच्यामुळेच अर्ध्या तासात पुढे निघता आले.

आज पुन्हा खरेदी करायची झाली, तर टायर डोळे झाकून हेच घेईन. चाके मात्र स्विफ्टच्याच वरच्या मॉडेलची, कंपनीची १५ इंची घेईन, कारण त्यांना याच मापाचे टायर येतात आणि रिंगही लागत नाही, अस्तरही सरकवावे लागत नाही.