वॅगन-आर सीएनजी : खानदेशात एका किलोमीटरला खरोखर किती रुपये पडतात

जळगाव, धुळे किंवा नंदुरबारात नवी गाडी दारात उभी राहिली की भेटायला येणारा प्रत्येक पाहुणा दोन प्रश्न हमखास विचारतो : "गाडी कितलाले पडनी?" आणि "ॲव्हरेज कितला देस?" मालकाला दोन्ही उत्तरे तोंडपाठ असतात, परंतु गाडीवर होणारा खर्च त्या दोन उत्तरांत मावत नाही. आमच्या घरी वापरात असलेल्या मारुती सुझुकी वॅगन-आरच्या सीएनजी आवृत्तीचे हे परीक्षण प्रामुख्याने पैशाच्या अंगाने केले आहे, कारण ही गाडी कोणी हौसेखातर घेत नाही. शाळा, बाजार, दवाखाना, लग्नकार्य आणि वर्षातून एकदा वणीचा गड एवढ्यासाठीच ती घेतली जाते. माझे मत सुरुवातीलाच नोंदवतो. गाडी कामाची आहे. परंतु गॅसवर चालते म्हणून ती स्वस्त पडते, हा समज अर्धाच खरा आहे. आपला सर्वांत मोठा खर्च पंपावर होत नाही.

वॅगन-आर भारतात डिसेंबर १९९९ मध्ये आली आणि तिची सध्याची तिसरी पिढी जानेवारी २०१९ पासून विकली जात आहे. खरेदीच्या दृष्टीने अलीकडची सर्वांत महत्त्वाची घटना म्हणजे २२ सप्टेंबर २०२५ रोजी लागू झालेली वस्तू व सेवा कराची कपात. चार मीटरपर्यंत लांबी आणि १२०० सीसीपर्यंत इंजिन असलेल्या पेट्रोल व सीएनजी गाड्यांवर तोपर्यंत २८ टक्के कर आणि त्यावर १ टक्का उपकर होता, तो १८ टक्क्यांवर आला. घोषणा सप्टेंबरच्या आरंभी झाली आणि अंमलबजावणी घटस्थापनेला. मधल्या पितृपक्षात आपल्याकडे तसेही कोणी गाडी घरी आणत नाही, त्यामुळे थांबण्याचा त्रास फारसा कोणाला झाला नसावा. कपातीनंतर पेट्रोलची सर्वांत खालची आवृत्ती एक्स-शोरूम, म्हणजे रस्ता कर व विमा धरण्याआधी, पाच लाखांच्या आत आली आणि सीएनजीची पाच लाख नव्वद हजारांच्या आसपास. म्हणजे गॅसच्या टाकीसाठी आपण साधारण नव्वद हजार रुपये जास्त मोजतो.

हा फरक प्रत्यक्षात थोडा कमी होतो, आणि त्याचे कारण विक्रेते क्वचितच समजावून सांगतात. महाराष्ट्रात वैयक्तिक मालकीच्या, दहा लाखांपर्यंतच्या पेट्रोल गाडीवर ११ टक्के एकरकमी रस्ता कर लागतो, तर सीएनजी गाडीवर तो पूर्वी ७ टक्के होता आणि जुलै २०२५ पासून ८ टक्के झाला आहे. चार लाख नव्याण्णव हजारांच्या पेट्रोल गाडीचा कर सुमारे ५४,९०० रुपये होतो, तर पाच लाख एकोणनव्वद हजारांच्या सीएनजी गाडीचा ४७,१०० रुपये. महाग गाडीला कर कमी असा हा प्रकार आहे, आणि त्यामुळे नव्वद हजारांचा फरक ऑन-रोड किमतीत सुमारे ब्याऐंशी हजारांवर येतो. विम्यातही एक लहानसा लाभ आहे. नव्या गाडीला तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा, म्हणजे आपल्या गाडीमुळे दुसऱ्याच्या होणाऱ्या नुकसानीचा विमा, एकदम घ्यावा लागतो. त्याचा दर १००० सीसीपर्यंत ६,५२१ रुपये आणि त्यापुढे १५०० सीसीपर्यंत १०,६४० रुपये आहे. वॅगन-आरचे लहान इंजिन ९९८ सीसीचे असल्यामुळे ते अगदी काठावर खालच्या गटात बसते.

कोटेशनमधली प्रत्येक ओळ मात्र वाचावी. आम्ही ज्या विक्रेत्याकडे गेलो, त्याने कर आणि विम्याच्या खाली 'हँडलिंग' नावाची एक रक्कम, काही हजारांचे 'ॲक्सेसरी पॅकेज' आणि स्वतःच्याच ओळखीच्या कंपनीचा विमा असे सर्व मिळून मांडले होते. विमा कोणत्या कंपनीकडून घ्यायचा हे ठरवण्याचा अधिकार ग्राहकाचा असतो, आणि बाहेरून दर काढून आणला की शोरूममधला दरही लगेच खाली येतो. सीटकव्हर, मॅट आणि मडफ्लॅप बाजारातून घेतल्यास निम्म्या पैशांत होतात. आखाजी (अक्षय्य तृतीया) किंवा दसऱ्याच्या मुहूर्तावरच गाडी हवी असे एकदा सांगून बसलेल्या ग्राहकाला यातले काहीच घासाघीस करून मिळत नाही, म्हणून मुहूर्त मनात ठेवावा आणि बोलणी आधी संपवावीत.

आता ॲव्हरेज. सीएनजी आवृत्तीचा प्रमाणित आकडा किलोला ३४.०५ किलोमीटर आहे आणि तो चाचणीच्या नियंत्रित परिस्थितीतला आहे. आमच्याकडे मार्च ते जून या काळात, म्हणजे भुसावळ-जळगावचा पारा ४४-४५ अंशांना टेकलेला असताना एसी बंद करण्याचा प्रश्नच येत नाही, आणि तेव्हा गावातल्या गावात किलोला २४ ते २५ किलोमीटर मिळतात. हिवाळ्यात महामार्गावर ती २८ च्या पुढे जाते. वर्षभराची सरासरी २६ धरणे प्रामाणिकपणाचे ठरेल. याच गाडीची पेट्रोल आवृत्ती अशाच वापरात लिटरला १८ किलोमीटरच्या आसपास देते. इंधनाचे भाव बदलत असतात, परंतु हिशेबासाठी पेट्रोल १०५ रुपये लिटर आणि गॅस ९२ रुपये किलो धरला, तर पेट्रोलवर किलोमीटरला ५ रुपये ८३ पैसे आणि गॅसवर ३ रुपये ५४ पैसे पडतात. बचत २ रुपये २९ पैशांची. वर काढलेले ब्याऐंशी हजार रुपये या बचतीतून वसूल व्हायला सुमारे ३६,००० किलोमीटर गाडी चालवावी लागते.

हा आकडा खरेदीपूर्वी प्रत्येकाने आपल्या वापराशी ताडून पाहावा. भुसावळहून रोज जळगावला नोकरीसाठी ये-जा करणारा, किंवा रावेर-यावल पट्ट्यात केळीच्या व्यवहारासाठी रोज बाहेर असणारा माणूस वर्षाला वीस हजार किलोमीटर सहज ओलांडतो, त्याचे जास्तीचे पैसे दोन वर्षांच्या आत फिटतात. ज्याची गाडी आठवडाभर घरासमोर कापडाखाली झाकलेली असते आणि रविवारी निघते, ती वर्षाला आठ हजार किलोमीटरही होत नाही. त्याला साडेचार वर्षे लागतील आणि तोवर डिकी मात्र गमवावी लागेल. पेट्रोल आवृत्तीची डिकी ३४१ लिटरची, या वर्गात चांगली मोठी आहे. सीएनजीत तिथे ६० लिटरची टाकी आडवी बसते आणि उरलेल्या जागेत दोन पिशव्या आणि एखादी चपटी बॅग मावते. गावाहून परतताना पोतेभर ज्वारी, दादर ज्वारीचे पीठ, भरताची वांगी आणि कळण्याच्या पापडांचा डबा घेऊन येणाऱ्या खानदेशी कुटुंबासाठी ही गैरसोय कागदावर दिसते त्याहून मोठी आहे.

टाकीची क्षमता साठ लिटर म्हटली तरी तिच्यात भरणारा गॅस आठ-नऊ किलोच असतो, आणि तोही पंपावर पुरता दाब असेल तर. जिथे वाहिनी पोहोचलेली नाही तिथे गॅस सिलिंडरांच्या ट्रकमधून येतो. ट्रक रिकामा होत आला की दाब उतरतो आणि मीटर सहा किलोवरच थांबतो. भरतेवेळी सर्वांना खाली उतरावे लागते, आणि लग्नसराईच्या दुपारी रांगेत उभे राहून वाट पाहणे हा या बचतीचा न दिसणारा हप्ता आहे. एका टाकीत दोनशे-सव्वादोनशे किलोमीटर होतात, म्हणजे जळगावहून नाशिक एका दमात गाठता येत नाही; वाटेत धुळ्याला किंवा मालेगावला भरून घ्यावा लागतो. धडगाव किंवा अक्कलकुव्याकडे जायचे असेल तर मात्र पेट्रोलची टाकी भरूनच निघावे. पेट्रोल एरवीही थोडे ठेवावेच लागते, कारण गाडी सुरू होते ती पेट्रोलवर आणि नंतर गॅसवर जाते.

पेट्रोलवर सुमारे ६७ अश्वशक्ती देणारे हे इंजिन गॅसवर ५६ देते. सपाट तापीकाठी हे जाणवतही नाही. परंतु पाच माणसे बसवून कन्नडचा औट्रम घाट किंवा तोरणमाळची चढण घ्यायची तर दुसऱ्या गिअरवर समाधान मानावे लागते. मी अशा ठिकाणी बटण दाबून पेट्रोलवर येतो. बैठकीची उंची हा या गाडीचा खरा गुण आहे. गुडघेदुखी असलेल्या आजींना आत शिरताना वाकावे लागत नाही आणि बाहेर येताना कोणाचा हात धरावा लागत नाही, आणि आमच्याकडे गाडी निवडताना हाच मुद्दा शेवटी निर्णायक ठरतो. देखभालीबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. सुटे भाग तालुक्याच्या गावीही मिळतात, सर्व्हिसिंगचे वर्षाला पाच-सहा हजार धरावेत आणि दर तीन वर्षांनी टाकीची दाब-चाचणी करून घ्यावी.

खरा पैसा जातो तो किमतीच्या घसरणीत. विम्यासाठी गाडीचे मूल्य ठरवण्याचे जे प्रचलित कोष्टक आहे त्यानुसार एक वर्ष पुरे होईपर्यंत मूळ किमतीच्या १५ टक्के, दुसऱ्या वर्षात एकूण २० टक्के आणि चौथ्या-पाचव्या वर्षांच्या दरम्यान ५० टक्के घट धरली जाते. वॅगन-आरची बाजारातली किंमत या कोष्टकापेक्षा बरी टिकते, तरीही रस्ता कर, नोंदणी आणि पहिला विमा यांचे पैसे परत येत नाहीत. पाच वर्षे आणि साठ हजार किलोमीटर असा वापर धरून हिशेब करू. सर्व मिळून सहा लाख पासष्ट हजारांना पडलेली गाडी पावणेचार लाखांना विकली गेली, तर दोन लाख नव्वद हजार रुपये केवळ घसरणीत गेले. गॅस आणि थोडे पेट्रोल मिळून दोन लाख अठरा हजार, पुढच्या चार वर्षांचा विमा पस्तीस हजार, सर्व्हिसिंग तीस हजार आणि टायर, बॅटरी व टाकीची चाचणी मिळून सत्तावीस हजार. बेरीज सहा लाख, म्हणजे किलोमीटरला दहा रुपये. यात ज्या इंधनाबद्दल आपण एवढे बोलतो त्याचा वाटा सुमारे साडेतीन रुपयांचा आहे.

कर्ज असेल तर त्यावर आणखी. पाच लाखांचे कर्ज ९ टक्के दराने पाच वर्षांसाठी घेतल्यास हप्ता सुमारे १०,३८० रुपये येतो आणि व्याज एक लाख बावीस हजारांच्या पुढे जाते, म्हणजे किलोमीटरला आणखी दोन रुपये. हप्ता हलका वाटावा म्हणून मुदत सात वर्षे केली की तो ८,०४५ वर येतो, पण व्याज पावणेदोन लाखांवर जाते. मुदत वाढवून वाढलेले हे त्रेपन्न हजार रुपये म्हणजे वर काढलेल्या बचतीच्या दराने सुमारे तेवीस हजार किलोमीटर गॅसवर धावून वाचवलेला पैसा होय. मिरची किंवा कापसाचे पैसे हाती आल्यावर मुद्दलात भरणा करून मुदत कमी करता येईल का, हे कर्ज घेतानाच लेखी विचारून ठेवावे.

दहा रुपयांचा हा दर एसटीशी ताडून पाहणे मला आवश्यक वाटते. एसटीचे भाडे जानेवारी २०२५ मध्ये १४.९५ टक्क्यांनी वाढले, तरी महिलांना निम्मे तिकीट आणि पंचाहत्तरीपुढच्यांना मोफत प्रवास आहे. जळगाव ते धुळे हे सुमारे नव्वद किलोमीटरचे अंतर एकट्याने गाडीने जाणे म्हणजे एका बाजूने नऊशे रुपये, आणि तिथे एसटी कितीतरी स्वस्त आहे. चार माणसे असतील तर प्रत्येकी सव्वादोनशे पडतात आणि दारातून दारापर्यंत जाता येते. अशा वेळी गाडी काढल्याचा पश्चात्ताप होत नाही.

सुरक्षिततेच्या बाबतीत मला या गाडीबद्दल आदराने बोलता येत नाही. गाड्यांची अपघात-चाचणी घेणाऱ्या ग्लोबल एनकॅप या संस्थेच्या २०२३ मधील चाचणीत तिला प्रौढांच्या सुरक्षिततेसाठी एक तारा आणि मुलांसाठी शून्य तारे मिळाले होते. २०२५ पासून सर्व आवृत्त्यांत सहा एअरबॅग दिल्या जातात, ही सुधारणा निश्चितच आहे. तथापि महामार्ग क्रमांक ५३ चौपदरी होत गेल्यापासून फागणे ते तरसोद या टप्प्यात मालट्रकांचा वेग वाढला आहे, आणि तिथे ही गाडी ऐंशीच्या आत ठेवणेच मी पसंत करतो.

वर्षाला दहा-बारा हजार किलोमीटरच्या पुढे वापर असेल आणि गाडी किमान आठ-दहा वर्षे ठेवायची तयारी असेल, तर मी सीएनजीच सुचवेन, कारण तेवढ्या काळात घसरणीचा दरवर्षीचा बोजा बराच उतरतो. त्याहून कमी वापराला पेट्रोल आवृत्ती पुरेशी आहे. तीन-चार वर्षांनी गाडी बदलण्याची हौस असणाऱ्याने मात्र नवीन घेऊच नये, तीन वर्षे वापरलेली घ्यावी. नव्या गाडीचे भाव करकपातीने उतरल्यामुळे जुन्या गाडीच्या बोलणीत आता खरेदीदाराची बाजू भक्कम आहे. अशी जुनी सीएनजी गाडी घेताना रंग आणि टायर पाहण्याआधी डिकी उघडून टाकीच्या चाचणीची तारीख पाहावी, प्रमाणपत्र मागून घ्यावे आणि गॅसची नोंद आरसी (नोंदणी प्रमाणपत्र) व विमा या दोन्हींवर आहे याची खात्री केल्याशिवाय इसार देऊ नये.