नव्याचे नऊ दिवस, जुन्याचे आठ महिने

आठ महिन्यांपूर्वी ठरवलं की नवे कपडे घ्यायचे नाहीत, आहेत त्याच कपड्यांना जुन्या काळाची थोडी फोडणी द्यायची. हौसेला मोल नसतं म्हणतात. माझ्या हौसेला होतं. एरवी एका बऱ्यापैकी नव्या जॅकेटला जेवढे पैसे जातात, तेवढ्यातच सगळं बसवायचं होतं. बसवलंही. त्यात आलं ते असं: एक रेशमी चौकोनी स्कार्फ, दोन ब्रोच, मूठभर जुनी बटणं, ऐंशीच्या दशकातलं लोकरीचं ब्लेझर, किल्लीचं मनगटी घड्याळ आणि बुटांची एक जोडी. बूट आता नाहीत, त्यांची कथा पुढे सांगते.

पहिल्या आठवड्यात हौस अंगात आली होती. कंबरेत घट्ट, खाली भरपूर घेर असलेला स्कर्ट, गळ्यात स्कार्फ, खांद्यावर ब्रोच, ओठांवर लालभडक लिपस्टिक. १९४७ मध्ये फ्रेंच फॅशन डिझायनर ख्रिस्तियन दिओरने आणलेला तो घेर महायुद्धातल्या कापडटंचाईनंतर लोकांना केवढी चैन वाटला असेल! ब्रिटनमध्ये तर १९४१ पासून १९४९ पर्यंत कपड्यांना रेशनिंग होतं. पण लिफ्टमध्ये शेजारणीने विचारलं, “आज नाटकाची तालीम वाटतं?” तेव्हापासून अंगावर एका वेळी एकच जुनी वस्तू, बाकी सगळं आजचं. जीन्स आणि साधा पांढरा शर्ट यांच्यावर जुनं ब्रोच जेवढं खुलतं, तेवढं त्याच्याच काळातल्या फ्रॉकवर खुलत नाही.

सगळ्यात जास्त वसूल झाला तो स्कार्फ. गळ्यात, केसांना, बॅगेच्या मुठीला, कधी पट्ट्याऐवजी कंबरेला. आठवड्यातून दोनदा तरी वापरला असेन. घेताना मी कडा बघितल्या होत्या. चांगल्या स्कार्फची कड हाताने गुंडाळून शिवलेली असते, ती किंचित फुगीर लागते आणि टाके अगदी एकसारखे नसतात. यंत्राची टीप सपाट आणि सरळ. घरी आल्यावर काठाचा एक सुटा धागा जाळून पाहिला. केस जळाल्यासारखा वास आला आणि राख बोटात चुरली, म्हणजे रेशीम. पॉलिएस्टर असतं तर वितळून कडक मणी झाला असता. एक चूक मात्र केली. ओल्या पांढऱ्या फडक्याने कोपरा न तपासता थेट पाण्यात बुडवला आणि लाल रंग क्रीम भागावर उतरला. डाग अजून आहे, मी तो आतल्या घडीत लपवते.

ब्लेझरबद्दल मात्र जरा सविस्तर लिहायला हवं, कारण पैसे वाचतात आणि बुडतात ते इथेच. जुन्या कपड्याच्या लेबलवरचा साइज बघूच नका. तेव्हाचे आकडे आणि आजचे आकडे यांचा मेळ बसत नाही. आपल्याला नीट बसणारं एक जॅकेट सपाट पसरून एका काखेपासून दुसऱ्या काखेपर्यंत टेपने मोजा आणि तेच माप जुन्या कपड्यावर ताडून बघा. दुसरं म्हणजे खांदे बसले तरच घ्या. कंबर आत घेणं, बाही आखूड करणं ही शिंप्याची रोजची कामं. खांदा हलवायचा तर बाही पूर्ण उसवावी लागते, आणि ती मजुरी ब्लेझरच्या किमतीच्या वर जाते. मी मोजमाप केलं होतं, खांद्याच्या गाद्यांचा विचार केला नव्हता. ऐंशीच्या दशकातल्या त्या जाड फोमच्या गाद्या आतल्या आत चिकट पिवळ्या भुकटीत बदलल्या होत्या. पहिल्या दिवशी घरी येऊन ब्लेझर झटकलं तर पलंगावर रांगोळी पडली! अस्तर उसवून गाद्या काढल्या, तर खांदे पडले. शेवटी शिंप्याने कापसाच्या पातळ गाद्या बसवल्या, कंबरेत थोडं घेतलं. आतून शिवणीला बोटभर माया, म्हणजे जादा कापड, सोडलेली होती, म्हणून पुढे वजन वाढलं तरी ते सैल करता येईल. आजच्या स्वस्त जॅकेटात एवढी माया दिसत नाही. शिलाई धरूनही ते नव्याच्या निम्म्यात पडलं, आणि कापडाला अजून गोळे धरलेले नाहीत.

आता बूट. वरचं चामडं सुंदर, तळवे जवळजवळ न झिजलेले, आणि तिथेच मी फसले. पॉलियुरेथेनचे, म्हणजे फोमसारख्या प्लास्टिकचे तळवे वापरात नसले तरी हवेतल्या ओलाव्याने वर्षानुवर्षं आतून सडत राहतात. दिसायला नवेकोरे, पण तिसऱ्या दिवशी भर दुपारी टाच केकसारखी तुटली आणि मी मागे चुऱ्याचा माग सोडत घरी आले. जुना बूट घ्यायचाच असेल तर चामड्याच्या तळव्याचा घ्या, नाहीतर तळवा नखाने दाबून बघा. हीच गोष्ट इलॅस्टिकची. कापड टिकतं, रबर आणि फोम टिकत नाहीत.

घड्याळावर माझं मन आहे, पण हिशेबात ते नापास. रोज सकाळी किल्ली द्यायची, तरी दिवसाला तीन-चार मिनिटं मागे पडतं. सर्व्हिसिंगला घड्याळाच्या किमतीएवढे पैसे गेले. आकडे अंधारात चमकण्यासाठी १९६० च्या दशकापर्यंत काही घड्याळांत खरं, किरणोत्सर्गी रेडियम वापरत, त्यामुळे जुनी तबकडी घरी उघडण्याचा उद्योग करू नका.

ब्रोच? जाड कापडावर लावा, विणलेल्या स्वेटरवर धागा ओढला जातो. माझा एक स्वेटर असाच गेला.

वास हा वेगळाच विषय. डांबरगोळ्यांचा वास जायला ब्लेझर दहा दिवस सावलीत वाऱ्यावर टांगून ठेवलं. नाटकाच्या कपड्यांवर घामाच्या वासासाठी व्होडका फवारतात, तोही प्रयोग केला. घामाचा वास गेला, डांबराचा तसाच राहिला.

आणि ज्यांच्याकडे मी सुरुवातीला ढुंकूनही बघितलं नव्हतं ती बटणं! पाचही शिंपल्याची, गालाला लावली की गार लागतात. प्लास्टिक तसं लागत नाही. ती मी तीन वर्षांच्या साध्या कार्डिगनला लावली, अर्ध्या तासाचं काम. गेल्या आठ महिन्यांत “हे नवीन घेतलंस का?” असं सगळ्यात जास्त वेळा त्या कार्डिगनबद्दलच विचारलं गेलं. आता त्याची कोपरं झिजलीत. बटणं काढून डबीत ठेवलीत, पुढच्या स्वेटरसाठी.