फ्लॅश चांगलाय, पण एक्सपोजर सारखं हवं असेल तर ऑटो झूम आधी बंद करा

चार महिने झाले हा फ्लॅश वापरतोय. लिथियम बॅटरीवाला, टीटीएल (पॉवर कॅमेराच ठरवतो) आणि मॅन्युअल (पॉवर आपण ठरवायची) दोन्ही, सोबत फ्लॅश लांबून उडवणारा रेडिओ ट्रिगर. मुद्दाम लगेच रिव्ह्यू लिहिला नाही, कारण पहिल्या दिवशी सगळेच फ्लॅश झकास वाटतात, खरं काय ते दोनशे फोटो काढून पहिला आणि शेवटचा शेजारी शेजारी ठेवले की कळतं.

माझं जुनं दुखणं हेच होतं, एक फोटो बरोबर, पुढचा जळलेला, तिसरा काळपट, आणि मी तर काहीच बदललेलं नाही! आधीचा फ्लॅश पेन्सिल सेलवर चालायचा, सेल उतरायला लागले की चार्ज व्हायला पाच-सहा सेकंद घ्यायचा आणि मी घाईत बटण दाबायचो.

म्हणून हा आल्यावर घरीच टेस्ट केली. ग्रे कार्ड (एक्सपोजर तपासायचं राखाडी कार्ड) भिंतीला टेपने चिकटवलं, कॅमेरा ट्रायपॉडवर, फ्लॅश स्टँडवर, खोलीत अंधार, १/२००, एफ ८, आयएसओ १००, फ्लॅश मॅन्युअलला १/४ वर आणि दर तीन सेकंदांनी एक असे ४० फोटो. हिस्टोग्राममधला (फोटोतल्या उजेडाच्या आलेखातला) तो टोकदार उंचवटा चाळीसही फोटोंत जागचा हलला नाही, खरंच खूप बरं वाटलं. मग फुल पॉवरला तेच केलं तर मात्र रेडी लाइट लागल्या लागल्या दाबलेले फोटो साधारण एक तृतीयांश स्टॉप अंडर, म्हणजे काळपट आले (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा). लाइट लागला म्हणजे कपॅसिटर (फ्लॅशमधला चार्ज साठवणारा भाग) पूर्ण भरला असं नसतं, बऱ्याच फ्लॅशमध्ये तो जरा आधीच लागतो. एक सेकंद थांबलं की फोटो बरोबर येतो. मी आता फुल पॉवर वापरतच नाही, १/२ वर ठेवतो आणि आयएसओ एक स्टॉप वाढवतो, चार्जही पटकन होतो आणि फ्लॅश तापतही नाही. (सलग फुल पॉवर मारत राहिलात तर तापून स्लो होतो, ते तर सगळ्यांचंच होतं.)

आता खरी तक्रार. ऑटो झूम कंपनीकडूनच चालू येतो आणि मॅन्युअल मोडमध्येही चालूच राहतो! एका कार्यक्रमात ग्रुप फोटो चालू होते, फ्लॅश कॅमेऱ्यावरच होता, १/८ पॉवर, लेन्स २४-७०, ग्रुपला २४ वर एकदम मस्त येत होतं आणि दोघांचा फोटो काढायला ७० ला गेलो की चेहरे जळत होते. पॉवर तीच, अंतर तेच, अ‍ॅपर्चरही तेच. मला वाटलं फ्लॅश बिघडला. नंतर लक्षात आलं की लेन्स झूम केली की फ्लॅशचं डोकंही आतल्या आत झूम होतं, तोच उजेड कमी जागेत पडतो म्हणजे जास्त जोरात पडतो. आता ३५ मिमीला फिक्स करून टाकलंय. डब्यावरचा गाइड नंबर (फ्लॅशच्या ताकदीचा आकडा) ६० सुद्धा २०० मिमी झूमचा आहे, ३५ ला त्याच्या बराच खाली, त्यामुळे तो आकडा बघून हुरळून जाऊ नका. आणि किट लेन्स असेल तर उलटाच त्रास, झूम केलं की अ‍ॅपर्चर ३.५ वरून ५.६ होतं आणि फोटो अंडर जातो, तर आधीच ५.६ किंवा ८ लावून टाका. ऑटो आयएसओ बंद करायचं विसरू नका.

टीटीएल कसं आहे? ठीक आहे, पण सारखेपणासाठी त्याच्या भरवशावर राहू नका. फोटोच्या आधी एक छोटा प्रीफ्लॅश मारून परत आलेला उजेड बघतं आणि समोर जे असेल ते मधल्या ग्रे टोनला आणायला जातं. एकाच मित्राला एकाच जागी उभं करून आधी काळं जॅकेट, मग पांढरा शर्ट असे फोटो काढले, चेहऱ्यात जवळजवळ एक स्टॉपचा फरक आला. यात या फ्लॅशचा दोष नाही, टीटीएलचा स्वभावच तो. माणसं सारखी पुढे-मागे फिरत असतील तर टीटीएलच लावतो आणि चेहऱ्यावर फ्लॅश एक्सपोजर लॉक करून घेतो (म्हणजे चेहरा बघून ठरलेली पॉवर तशीच धरून ठेवतो), माणूस एका जागी असेल तर सरळ मॅन्युअल. दुसरा जुना फ्लॅश ऑप्टिकल स्लेव्हवर (पहिल्याचा उजेड बघून आपोआप उडणारा) लावणार असाल तर तो टीटीएलच्या प्रीफ्लॅशलाच उडून मोकळा होतो, त्याला प्रीफ्लॅश सोडून देणाऱ्या स्लेव्ह मोडवर टाका.

ट्रिगरमुळे फ्लॅश लांब ठेवता येतो हा मला सगळ्यात मोठा फायदा वाटतो. फ्लॅश १ मीटरवर असताना माणूस अर्धा मीटर मागे सरकला की एक स्टॉपहून जास्त उजेड जातो, तोच ४ मीटरवर असेल तर अर्ध्या मीटरला जेमतेम एक तृतीयांश स्टॉप. म्हणजे पुढच्या आणि मागच्या रांगेतले चेहरे सारखे हवे असतील तर फ्लॅश मागे न्या आणि पॉवर वाढवा. मी स्टँडच्या पायाजवळ आणि लोक उभे राहतात तिथे जमिनीवर टेपच्या खुणा करतो, मग दिवसभर सेटिंगला हात लावावा लागत नाही.

ट्रिगर चार महिन्यांत एकदाही चुकला नाही, पण त्याची डायल फार सैल आहे, गळ्यात कॅमेरा असताना शर्टाला घासून १/८ चं १/१६ झालं आणि वीसेक फोटो एक स्टॉप अंडर गेले, रॉमध्ये (नंतर उजेड सुधारता येतो अशा कच्च्या फाइलमध्ये) होते म्हणून वाचले. डायलला लॉक दिला असता तर पाच स्टार दिले असते, आत्ता चार.