थोरली जाऊ की धाकटी? पेशवाईवर नाटक बसवणाऱ्या नाशिककरांसाठी

गंगापूर रोडने शहराबाहेर निघालं की आधी आनंदवल्ली लागते, मग गंगापूर. आनंदवल्लीला राघोबादादांचा वाडा होता. गंगापूरला नानासाहेब पेशव्यांच्या पत्नी गोपिकाबाई येऊन राहिल्या. थोरली जाऊ आणि धाकटी जाऊ, एकाच गोदावरीच्या काठाला, आणि दोघींच्या मधे गोपिकाबाईंच्या धाकट्या मुलाचा, नारायणराव पेशव्याचा, खून. घराण्यातली लग्नं, गादीचा हव्यास, वाड्यातली कारस्थानं असं सगळं असलेलं नाटक यंदा बसवायचं मनात असेल, तर विषय शोधायला पुण्याला जायला नको. ठरवायचं एवढंच की मध्यभागी गोपिकाबाई उभ्या करायच्या की राघोबादादांच्या पत्नी आनंदीबाई.

मी बरीच वर्षं पडद्यामागची कामं केली आहेत, त्यामुळे दोन्हींकडे संहिता आणि तालीम अशा दोन्ही अंगांनी पाहतो.

आनंदीबाईंची मोठी सोय म्हणजे नाट्य आयतं मिळतं. ३० ऑगस्ट १७७३, शनिवारवाडा, गारदी म्हणजे भाडोत्री शिपाई आत घुसलेले, आणि ‘काका, मला वाचवा’. तिसरी घंटा होण्याआधीच प्रेक्षकाला हे वाक्य ठाऊक असतं. ‘ध’चा ‘मा’ तर वाक्प्रचारच होऊन बसलाय. पण अडचण नेमकी इथेच आहे. ‘धरावे’चं ‘मारावे’ आनंदीबाईंनी केलं याला पक्का कागदोपत्री पुरावा नाही आणि जाणकारांत त्यावर मतभेद आहेत. त्यांना सरळ खलनायिका केलंत तर एका बाईवरचा सिद्ध न झालेला आरोप तुम्ही पुन्हा रंगमंचावरून वाचून दाखवणार. मला ते मनापासून चुकीचं वाटतं.

दुसरी अडचण पेशव्यांचे न्यायाधीश रामशास्त्री यांची. प्रभुणे रंगमंचावर आले, दादांना देहांत प्रायश्चित्त सांगितलं, की टाळ्या त्यांच्या. खाडिलकरांनी १९०९ साली ‘भाऊबंदकी’त हा सगळा संघर्ष उभा केला आहे, तेव्हा तुलना होणारच. खर्चही बघा. गारदी, कारभारी, शागीर्द धरून पंधरा-सोळा माणसं लागतात. इतक्या पगड्या, अंगरखे आणि तलवारी भाड्याने आणायच्या म्हणजे कपडेपटावरच निम्मे पैसे जातात.

आनंदीबाई निवडाच, पण खुनाच्या रात्रीपलीकडे जा. कोकणातल्या ओकांची ही मुलगी १७५६ मध्ये दादांची दुसरी बायको म्हणून या घरात आली. नवरा शूर, पण मनाने डळमळीत. १७६८ मध्ये पुतण्या माधवरावाने आपल्याच जिल्ह्यातल्या धोडपला दादांचा पराभव केला आणि त्यांना शनिवारवाड्यात नजरकैदेत ठेवलं. खुनानंतर बारभाईंनी, म्हणजे एकत्र आलेल्या कारभाऱ्यांनी, दादांना गादीवरून हटवलं, ते इंग्रजांकडे गेले, आणि १७८३ च्या डिसेंबरात कोपरगावला वारले. तेव्हा आनंदीबाई गरोदर होत्या. नारायणरावाची बायको गंगाबाई ज्या अवस्थेत विधवा झाली, त्याच अवस्थेत ही बाई विधवा झाली. या साम्यावर एक अख्खा अंक उभा राहू शकतो, आणि इथे ‘ध’ आणि ‘मा’ची गरजही पडत नाही.

आता गोपिकाबाई. माझा कौल यांच्याकडे आहे.

वाईच्या रास्त्यांची लेक, लहानपणी पेशव्यांच्या घरात दिलेली. डिसेंबर १७६० मध्ये पतीने पैठणला वाखरे सावकारांच्या मुलीशी, राधाबाईशी, दुसरं लग्न लावलं. त्याच वेळी थोरला विश्वासराव पानिपतावर होता. त्याला मोहिमेवर धाडायचा आग्रह आईचाच होता असं सांगितलं जातं. मग ते पत्र आलं: दोन मोती गळाले, सत्तावीस मोहरा हरवल्या, खुर्दा किती गेला याची गणतीच नाही. त्या दोन मोत्यांपैकी एक यांच्या पोटचा. जून १७६१ मध्ये नानासाहेब पर्वतीवर गेले. पुढे माधवरावाशी बिनसलं, आपल्या माहेरच्या माणसांच्या बाबतीत मुलगा ऐकेना, म्हणून त्या गंगापूरला निघून आल्या. १७७२ मध्ये माधवराव थेऊरला क्षयाने गेला. वर्षही पुरं झालं नाही तोच धाकटा नारायणराव मारला गेला. विश्वासराव आणि नारायणराव, दोघेही गेले तेव्हा अठरा-अठरा वर्षांचे.

शनिवारवाड्यातल्या रात्रीचं दृश्य दाखवायचंच नाही, बातमी गंगापूरच्या वाड्यात येऊन पोचते एवढंच दाखवायचं. गारदी नको, तलवारी नकोत. सात-आठ पात्रांत भागतं, नेपथ्याला एक ओसरी आणि तुळशीवृंदावन पुरतं. त्यानंतर गोपिकाबाई हातात नरोटी घेऊन नाशकात भिक्षा मागत, अशी कथा सांगतात. आख्यायिका म्हणूनच ती पात्रांच्या तोंडी घाला. नातू सवाई माधवरावाला कसं वागावं याचा उपदेश त्यांनी लिहून पाठवला होता, तो मात्र शेवटच्या प्रवेशाला हक्काचा ऐवज आहे.

अडचणही लपवत नाही. गोपिकाबाई सोसणारी बाई म्हणून रंगवल्या की नाटक रडकं होतं. त्या करारी होत्या, सत्तेत लुडबुड करायच्या, माहेरचा कैवार घ्यायच्या. ही धार संहितेत नसेल तर दुसऱ्या अंकात प्रेक्षक खुर्चीत चुळबुळ करायला लागतो. शिवाय तरुणपणापासून म्हातारपणापर्यंतचा प्रवास एकाच अभिनेत्रीला पेलायचा, तोही उत्तरार्धात दागिने, खोपा, शालू यांच्या आधाराशिवाय.

दोघींची म्हातारपणी नदीकाठी भेट घडवायचा मोह सगळ्याच लेखकांना होतो. आवरा तो. गोपिकाबाई पंचवटीत वारल्या, त्यानंतर काही वर्षांनी, १७९३ मध्ये, आनंदीबाई मुलांना घेऊन आनंदवल्लीला राहायला आल्या आणि १७९४ मध्ये गेल्या. कालिदास नाट्यगृहातल्या प्रेक्षकांत इतिहासाचे मास्तर नक्की बसलेले असतात.

ग्रुपमध्ये पोरं जास्त असतील, तलवारबाजी येत असेल, तिकिटं खपवायची असतील, तर आनंदीबाई घ्या. पन्नाशीच्या आसपासची, आवाज न चढवता बोलू शकणारी एक अभिनेत्री हाताशी असेल, तर गोपिकाबाईच घ्या. तिला आधी मोत्यांच्या पत्राचा प्रवेश वाचायला द्या. पत्र ऐकल्यावर ती किती वेळ गप्प राहू शकते तेवढं बघा, आणि मगच वाचनाची तारीख धरा.