महापालिका रुग्णालयातील रेबीज लसीकरण: उपचार चोख, माहिती अपुरी

मुंबई महापालिकेच्या एका मोठ्या रुग्णालयात कुत्रा चावलेल्यांसाठी जो लसीकरण विभाग चालतो, त्याच्याविषयी हा अभिप्राय आहे. माझ्या सासूबाईंना भाजी घेऊन घरी परतताना भटका कुत्रा पोटरीला चावला आणि त्यांचे संपूर्ण लसीकरण आम्ही याच विभागात करून घेतले. सेवा विनामूल्य आहे म्हणजे ती जेमतेमच असणार, असे गृहीत धरणाऱ्यांसाठी आधीच सांगते की, प्रत्यक्ष उपचाराच्या बाबतीत हा विभाग आम्ही त्याच दिवशी प्रथम गाठलेल्या खासगी दवाखान्यापेक्षा कितीतरी सरस ठरला.

त्या दवाखान्यात जखमेवर औषध लावून घट्ट पट्टी बांधली गेली, धनुर्वाताचे इंजेक्शन दिले गेले आणि कुत्र्यावर दहा दिवस लक्ष ठेवून मग ठरवू, असे सांगण्यात आले. दहा दिवसांचे निरीक्षण हा नियम खरा आहे. पण तो लस सुरू करून मग पाळायचा असतो, लस लांबवण्यासाठी नव्हे. कुत्रा त्या काळात धडधाकट राहिला तर पुढचे डोस थांबवता येतात, इतकाच त्याचा उपयोग. शिवाय बाजारातला भटका कुत्रा रोज कोण शोधत बसणार?

महापालिकेच्या रुग्णालयात सिस्टरांनी सर्वांत आधी ती पट्टी सोडली आणि जखम नळाच्या वाहत्या पाण्याखाली साबणाने पूर्ण पंधरा मिनिटे धुवायला लावली. मागे रांग वाढत होती, तरी त्यांनी घड्याळाकडे पाहूनच नळ बंद करू दिला. रेबीजचा विषाणू लाळेतून जखमेत उतरतो आणि तिथून मज्जातंतूंच्या वाटेने मेंदूकडे सरकतो. लक्षणे एकदा दिसू लागली की रुग्ण जवळजवळ कधीच वाचत नाही. म्हणून जखमेतच जितका विषाणू धुऊन काढता येईल तितका काढणे, हा उपचाराचा पहिला भाग आहे. हळद, चुना किंवा तिखट भरून आलेल्या रुग्णांना इथे तेही आधी धुऊन काढायला लावतात, हे शेजारच्याच नळावर दिसले.

दात खोल रुतून रक्त आलेले असल्यामुळे डॉक्टरांनी ही जखम तिसऱ्या, म्हणजे सर्वांत गंभीर श्रेणीची ठरवली आणि लसीबरोबर सीरमही द्यावे लागेल असे सांगितले. या विभागाचे खरे कौतुक मला इथे वाटते. लस टोचल्यानंतर शरीराला स्वतःची प्रतिपिंडे, म्हणजे विषाणूला निकामी करणारी द्रव्ये, तयार करायला साधारण आठवडाभर लागतो. तोवरची उणीव सीरममधली तयार प्रतिपिंडे थेट जखमेत सोडून भरून काढायची असते. सासूबाईंना वजनकाट्यावर उभे केले, चोपन्न किलो वजन केस पेपरवर लिहिले आणि किलोमागे ४० युनिट या हिशेबाने २,१६० युनिट, म्हणजे सुमारे सात मिलिलिटर, घोड्याच्या रक्तापासून बनवलेले सीरम काढले. त्यातले जितके मावेल तितके जखमेच्या कडांमध्ये आणि तळाशी बारीक सुईने टोचले. ते चांगलेच दुखते, यात आडपडदा ठेवण्यात अर्थ नाही. ‘आजी, पाय सैल सोडा, माझा हात धरा,’ असे म्हणत सिस्टरांनी त्यांचे लक्ष दुसरीकडे वळवले. सीरमची तीव्र ॲलर्जी क्वचित येऊ शकते, म्हणून तिच्यावरचे तातडीचे औषध ॲड्रिनलिन हाताशी ठेवलेले होते आणि नंतर अर्धा तास आम्हांला बाकावर बसवून ठेवले. जखमेला टाके घातले नाहीत, तेही योग्यच.

लस मात्र पाहताक्षणी अनेकांच्या मनात शंका येते, कारण दोन्ही दंडांवर प्रत्येकी फक्त ०.१ मिलिलिटर एवढीच टोचतात. आमच्या पुढच्या गृहस्थांनी ‘फुकट आहे म्हणून अर्धीच देता का?’ असे विचारलेही. ही लस स्नायूत न देता त्वचेच्या थरात दिली जाते. तिथे रोगप्रतिकारक पेशींची दाटी असल्यामुळे थोडकी मात्राही पुरते. ती नीट टोचली गेली तर कातडीवर मसुरीच्या डाळीएवढा फुगवटा उठतो. तो उठला नाही तर सुई खोल गेली असे समजून सिस्टर पुन्हा टोचतात. पहिल्या दिवशी, म्हणजे ० दिवशी, आणि मग ३, ७ व २८ व्या दिवशी अशा चार खेपा असतात. स्नायूत घेणाऱ्यांना ०, ३, ७, १४ आणि २८ असे पाच डोस लागतात आणि मोठ्या माणसांना तेही दंडातच. कमरेत ही लस कधीही देत नाहीत. डॉक्टरांनी सासूबाईंच्या मधुमेहाची नोंद घेतली, पण त्याने काही अडत नाही म्हणाले. सांधेदुखीसाठी हायड्रॉक्सीक्लोरोक्वीन चालू आहे का, हे मात्र त्यांनी मुद्दाम विचारले, कारण ते घेणाऱ्यांना लस स्नायूतच देतात. गरोदर स्त्रिया आणि तान्ही मुले यांनाही ही लस नाकारली जात नाही.

सासूबाईंची धास्ती होती ती पोटातल्या चौदा इंजेक्शनांची. ती मेंढीच्या मेंदूपासून बनवलेली जुनी लस होती, परळच्या हाफकिन संस्थेतही ती तयार होत असे. तिच्यामुळे काही जणांना पक्षाघातासारखे गंभीर त्रास होत, आणि भारतात तिचे उत्पादन २००४ च्या अखेरीस थांबले. आताची लस प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींवर तयार होते. सासूबाईंना दंड थोडा लाल होऊन खाज सुटली आणि एक रात्र कणकण होती, एवढेच.

आता उणिवा. केस पेपरची खिडकी एका इमारतीत आणि लसीकरण दुसऱ्या इमारतीत आहे, आणि बाणाची एकही पाटी नाही. रविवारी हा विभाग बंद असतो आणि डोस कॅज्युअल्टीत, म्हणजे तातडीच्या उपचारांच्या विभागात मिळतो, हे आम्हांला रखवालदाराकडून कळले. लस देणाऱ्यांनी ते सांगायला हवे होते. पुढच्या तारखा इतक्या घाईत लिहिल्या होत्या की ७ आणि १ यांतला फरक ओळखू येत नव्हता. ज्या उपचाराचे यश चार तारखांवर उभे आहे, तिथे मराठी आणि हिंदीत छापलेले साधे पत्रक असू नये, हे मला अक्षम्य वाटते. दुखणे थांबले की तिसऱ्या खेपेला न येणारे रुग्ण पुष्कळ असतात, असे सिस्टरच म्हणाल्या.

लसीकरणाचे कार्डही इतक्या पातळ कागदाचे आहे की ते चौथ्या खेपेपर्यंत घडीवर फाटले. आम्ही त्याची झेरॉक्स काढून घेतली आणि मोबाइलमध्ये फोटोही ठेवला, कारण पूर्ण लसीकरण झालेल्या माणसाला पुन्हा कुत्रा चावला तर ० आणि ३ व्या दिवशीचे दोनच डोस लागतात आणि सीरमची गरज उरत नाही; पण त्यासाठी डॉक्टर आधी हे कार्ड मागतात.