ऑटोफॅक : आधीच तयार असलेले ऑब्जेक्ट कंटेनरच्या हवाली करताना

कोल्हापूर परिसरातील साखर कारखान्यांच्या वजनकाट्यांसाठी सॉफ्टवेअर करताना एक अडचण ठरलेली असते. काट्याच्या इंडिकेटरला कोणता सीरियल पोर्ट जोडला आहे, हे ऑपरेटरने पडद्यावर निवडल्यावरच कळते आणि तेव्हा उघडलेले पोर्टचे ऑब्जेक्ट बाकीच्या क्लासेसना पुरवायचे, तर तोवर कंटेनर, म्हणजे क्लासेसना लागणारी ऑब्जेक्ट्स पुरवणारा घटक, बांधून झालेला असतो. डॉटनेटबरोबर मिळणारा डिपेन्डन्सी इंजेक्शन कंटेनर येथे तोकडा पडतो, कारण प्रोव्हायडर (बांधून झालेला कंटेनर) तयार झाल्यावर सर्व्हिस कलेक्शनमध्ये (नोंदींच्या यादीत) घातलेली नोंद त्याच्यापर्यंत पोहोचतच नाही. म्हणून आम्ही या कामासाठी ऑटोफॅक हा डॉटनेटसाठीचा दुसरा कंटेनर वापरतो.

बांधून झालेल्या कंटेनरला ऑटोफॅकही हात लावू देत नाही. पूर्वी त्यासाठी बिल्डरची (कंटेनर बांधणाऱ्या ऑब्जेक्टची) ‘अपडेट’ मेथड होती, ती 5.0 आवृत्तीत काढून टाकली, आणि ते योग्यच झाले; चालू कंटेनर बदलला तरी आधी तयार झालेल्या सिंगलटनच्या (एकदाच तयार होऊन सगळीकडे वापरल्या जाणाऱ्या ऑब्जेक्टच्या) हाती जुनेच ऑब्जेक्ट राहते आणि मग दोष शोधताना नाकी नऊ येतात. आता ‘बिगिन लाइफटाइम स्कोप’ला, म्हणजे मूळ कंटेनरच्या आत ठरावीक काळापुरता स्कोप (उपकंटेनर) सुरू करणाऱ्या मेथडला, बिल्डर घेणारे फंक्शन द्यायचे आणि त्यात ‘रजिस्टर इन्स्टन्स’ने उघडा पोर्ट नोंदवायचा. मात्र पावती छापणारा क्लास मूळ कंटेनरमध्ये ‘सिंगल इन्स्टन्स’ (म्हणजे सिंगलटन) असेल, तर त्याला हा पोर्ट दिसत नाही. त्याची नोंद ‘इन्स्टन्स पर लाइफटाइम स्कोप’ (प्रत्येक स्कोपला वेगळे ऑब्जेक्ट) अशी करावी लागते.

खरी मेख मालकीत आहे. बाहेरून दिलेले ऑब्जेक्ट डिस्पोजेबल (काम संपल्यावर बंद करून मोकळे करण्याजोगे) असेल, तर ऑटोफॅक त्याची मालकी आपल्याकडे घेतो आणि स्कोप संपताना ते डिस्पोज करतो. प्रत्येक पाळीसाठी वेगळा स्कोप ठेवल्यास पाळी बदलताच पोर्ट बंद होतो, आणि गळीत हंगामात काट्याबाहेर उसाच्या ट्रॉल्यांची रांग लागलेली असताना हे कोणत्याच कारखान्याला परवडणारे नाही. नोंदीला ‘एक्स्टर्नली ओन्ड’ जोडले की पोर्ट बंद करण्याची जबाबदारी आपल्याकडे राहते. मायक्रोसॉफ्टच्या कंटेनरचा रिवाज नेमका उलटा आहे. ‘अ‍ॅड सिंगलटन’ला दिलेले तयार ऑब्जेक्ट तो डिस्पोज करत नाही, त्यामुळे तिकडून आलेल्यांनी येथे अधिक सावध राहावे. ऑटोफॅकच्या दस्तऐवजात हे स्पष्ट लिहिले आहे, पण ‘रजिस्टर इन्स्टन्स’ या नावावरून त्याचा अंदाज येत नाही, ही माझी तक्रार आहे.

ऑटोफॅक मुक्तस्रोत असल्याने खर्चाचा प्रश्न नाही. सगळी ऑब्जेक्ट्स सुरुवातीलाच ठाऊक असतील, तर मात्र डॉटनेटचा कंटेनर पुरेसा आहे.