वीररची दोन सुवर्णं: परस्यूट की इंडिव्हिज्युअल?

फेब्रुवारी 2020, इटलीतलं आंटहोल्झ. बायथलॉनची, म्हणजे स्कीइंग आणि रायफल नेमबाजी एकत्र असलेल्या खेळाची, जागतिक स्पर्धा, आणि इटलीची डोरोथिया वीरर घरच्या मैदानावर. तिथे तिने वैयक्तिक दोन सुवर्णपदकं जिंकली. थोर कोणतं?

10 किलोमीटरची परस्यूट बघायला जास्त रंगतदार. आधी झालेल्या छोट्या शर्यतीतल्या, म्हणजे स्प्रिंटमधल्या, वेळेच्या अंतरानुसार खेळाडू सुटतात, त्यामुळे जो पुढे तोच पहिला. नेम चुकला की 150 मीटरचा दंडफेरा.

15 किलोमीटरची इंडिव्हिज्युअल मात्र एकटीची लढाई. एकामागोमाग एक सुटायचं, प्रतिस्पर्धी दिसत नाही, झुंज घड्याळाशी. एक नेम चुकला की थेट एक मिनिट वाढतं! जवळपास 1600 मीटर उंचीवर विरळ हवा, धाप लागलेली, पाठीवरची रायफल काढून उभ्याने 50 मीटरवरचं 115 मिलिमीटरचं लक्ष्य टिपायचं. झोपून मारताना तर ते जेमतेम 45 मिलिमीटरचं. अशा शर्यतीत वीररने जर्मनीच्या व्हानेसा हिंत्सला हरवलं ते अवघ्या 2.2 सेकंदांनी. रायफल पाठीवर चढवतानाही एवढा वेळ सहज जातो.

स्वीडनमधल्या ओस्टरसुंडच्या 2019च्या जागतिक स्पर्धेतलं मास स्टार्ट (सगळे एकदम सुटतात ती शर्यत) सुवर्ण आणि लागोपाठ दोन विश्वचषक मोसमांची अजिंक्यपदं तिच्या नावावर आहेतच. तरी माझं मत इंडिव्हिज्युअललाच.